गिलिम प्रॉसर मैदानात धावला तेव्हा

गिलिम प्रॉसरचा बाप आणि दोन्ही काका पेनसिल्व्हेनियातल्या कोळशाच्या खाणीत उतरायचे. मिसरूड फुटायच्या आत गिलिमही त्यांच्यामागून उतरला. वेल्श चॅपलच्या पाद्रीबाबांनी त्याची हुशारी हेरून खटपटीने त्याला हार्लो कॉलेजात चिकटवलं नसतं, तर तो जन्मभर तिथेच राहिला असता.

कॉलेजात मात्र हुशारीआधी लोकांना त्याचे खांदे दिसले. त्या काळचा अमेरिकन फुटबॉल हा पायांचा कमी आणि खांद्यांचाच जास्त खेळ होता. चेंडू छातीशी धरायचा आणि समोरच्या माणसांच्या भिंतीत घुसायचं. डोक्याला काही बांधायची पद्धत नव्हती. पोरं केस वाढवत, तीच काय ती गादी. गिलिमचं नाक मोडलं, उजवा कान कायमचा चुरगळला. पण रुळावर अडलेली कोळशाची गाडी कशी रेटतात ते त्याला ठाऊक होतं. कंबर खाली, नजर वर, आणि सगळ्यांचा जोर एका श्वासात. त्याने ते बाकीच्यांना शिकवलं, आणि हार्लोचं चिमुकलं कॉलेज शहरातल्या बड्या संघांना चारी मुंड्या चीत करायला लागलं.

शिक्षण संपलं तरी कॉलेजने त्याला सोडलं नाही, कोच म्हणून ठेवून घेतलं. गावाकडची मार्गेड त्याची बायको झाली. मैदानाला लागून असलेल्या घरात दोघं राहायला लागली. मूलबाळ झालं नाही. पण घर कधी रिकामं नसायचं, कारण आसा किमेल होता.

आसा नदीकाठच्या एका लोहाराचा पोरगा. अंगाने किरकोळ, जिभेने तिखट, पायांत वीज. वसतिगृहातलं जेवण त्याच्या घशाखाली उतरत नसे. एकदा मार्गेडने त्याला मटण-बटाट्याचा रस्सा वाढला आणि तो तिथलाच झाला. पुढे दोन हिवाळे तो त्यांच्या माडीवरच्या खोलीत राहिला. मार्गेड त्याचे मोजे रफू करायची आणि वर ऐकवायची, "आसा, तुझी बायको मला शिव्या देणार बघ. म्हणेल, म्हातारीने लाडावून ठेवलाय."

"मी लग्नच करणार नाही, मिसेस प्रॉसर. असा रस्सा कोण करणार?"

गिलिमने त्याला डावपेच शिकवले, प्रतिस्पर्ध्याच्या डोळ्यांतून त्याची पुढची चाल ओळखायला शिकवलं. १९०५ साली पोरांनी त्याला कप्तान निवडलं तेव्हा गिलिमचं मन बापासारखं भरून आलं.

त्याच संघात लू ब्रॅटन होता. वीटभट्टीवाल्याचा मुलगा, लाजाळू, बैलासारखा दणकट. एका सामन्यात त्याच्या डोक्याला मार बसला. नंतर सरावात त्याने चेंडू घेतला आणि उलट्या दिशेनेच धावत सुटला. पोरं खो खो हसली. गिलिमने त्याला आणि आसाला बाजूला घेऊन विचारलं, "लू, आज वार कोणता?" लूला सांगता येईना.

"बस झालं. आता यंदा तू खेळायचं नाही."

"कोच, शनिवारी माझे आई-बाबा बघायला येणारेत हो."

"मग त्यांच्या शेजारी बस. आसा, ऐकलंस ना?"

"ऐकलं, कोच," आसा म्हणाला.

शनिवारी ब्रॅकन कॉलेजशी गाठ होती. उत्तरार्धापर्यंत दोघांचे गुण बरोबरीत, आणि अशातच हार्लोच्या एका गड्याचं गळ्याखालचं हाड मोडलं. तेव्हाचा नियम असा, की सामना सुरू झाला की मैदानावर शब्द कप्तानाचा. कोचने बाकावर गप्प बसायचं. आसाने प्रेक्षकांकडे वळून लूला हात केला. लूने आईच्या मांडीवर कोट टाकला आणि तो कुंपणावरून उडी मारून आत आला.

गिलिम उठला आणि थेट मैदानात धावला. त्याने लूचा खांदा धरला. "हा खेळणार नाही!"

"कोच, बाहेर व्हा. आपल्याला दंड बसेल," आसा ओरडला.

"अरे, पोराला वार सांगता येत नव्हता!"

"कप्तान मी आहे! जा तुम्ही!"

पंचाने गिलिमच्या दंडाला धरून त्याला बाहेर काढलं. लू जागचा हलला नाही. आईबाप बघत होते. प्रेक्षकांच्या आरडाओरड्यात या बोलण्यातला एक शब्दही कुणाला कळला नाही. ऐकलं ते फक्त आसा, लू, पंच आणि हातभर अंतरावर उभा असलेला संघातला हायरम योस्ट, यांनी.

पहिल्याच धडकेत लू माणसांच्या ढिगाऱ्याखाली गेला. बाकीचे उठले, तो उठला नाही. सोमवारी तो वारला.

चौकशी कॉलेजच्या अध्यक्षांच्या खोलीत झाली. पंच परगावचा, त्याला कुणी बोलावलंच नाही. आसा नवी कॉलर घालून आला होता. खाली बघत म्हणाला, "कोच मैदानात आले आणि म्हणाले, याला घे. त्यांचा शब्द मी कसा मोडणार, सर?"

गिलिमला वाटलं, पोरगा घाबरलाय, बोलताना चुकला. आता सावरेल. तो त्याच्याकडे बघत राहिला. आसा बोलून झाल्यावर शांतपणे खाली बसला. मग हायरमला विचारलं, तर तो म्हणाला, "फार गलका होता. मला काही ऐकू आलं नाही."

गिलिमने घडलं ते सांगितलं, पण त्याच्या बाजूने बोलायला कुणी नव्हतं. सगळे गेल्यावर अध्यक्षांनी दार लोटलं. "प्रॉसर, पोराचं सगळं आयुष्य पुढे आहे. तू जाणता आहेस, सांभाळून घे." ते खिडकीबाहेर बघत बोलले. यांना खरं काय ते कळलंय, किंवा कळून घ्यायचंच नाहीये, हे गिलिमच्या लक्षात आलं.

घरी आला तर मार्गेड माडीवर आसाच्या उघड्या गादीसमोर उभी होती. दोघं बाहेर असताना आसा सामान घेऊन गेला होता.

"स्वयंपाकघरातला मनुकांचा पावसुद्धा नेलाय बघ," ती म्हणाली. हसायला गेली, आणि जिन्याच्या पायरीवर बसून रडली.

गिलिम ब्रॅटनच्या वीटभट्टीवर गेला. सगळं सांगितलं. म्हातारा हातातलं फावडं न ठेवता म्हणाला, "म्हणजे सगळी पोरं खोटारडी आणि तू एकटा खरा?"

मागून लूची आई बाहेर आली. "तू त्याचा खांदा धरून त्याला सांगत होतास. मी या डोळ्यांनी पाहिलंय."

खांदा धरला होता हे तर खरंच होतं. गिलिम टोपी हातात घेऊन परत फिरला.

कॉलेजची नोकरी सोडून तो मार्गेडसह कोळशाच्या गावी परतला आणि खाणीवर कामगारांचे दिवे सांभाळायच्या खोलीत कामाला लागला. संध्याकाळी कोळशाच्या राखेच्या मैदानावर खाणकामगारांच्या पोरांना शिकवायचा. कुणी डोकं धरून बसला, की त्याला सरळ घरी पाठवायचा. तरीही काही आया पोरांना त्याच्याकडे धाडत नसत. बातमी त्याच्याआधी गावात पोचली होती.

हार्लोमध्ये खेळ एक-दोन वर्षं बंद राहिला आणि मग पुन्हा सुरू झाला. नवा कोच होता आसा किमेल. वर्तमानपत्रांत त्याच्या 'किमेल रेट्या'चं कौतुक छापून यायला लागलं. कंबर खाली, नजर वर, एका श्वासात. मार्गेडने ते पान चुलीत घातलं.

बऱ्याच वर्षांनी एका रविवारी दारात मोटार थांबली. आसा उतरला. अंग सुटलेलं, टक्कल पडलेलं. त्याने गिलिमला मिठीच मारली आणि आत येऊन बसला. जुन्या संघाची मेजवानी होती, त्याचं बोलावणं घेऊन आला होता.

"कोच, तुम्ही यायलाच हवं. आता ते सगळं जाऊ द्या. मी तुम्हाला कधीच माफ केलंय."

गिलिमला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. "कशाबद्दल?"

"लूबद्दल. तुम्ही त्या दिवशी जिंकण्यासाठी आंधळे झाला होतात. मी तेव्हाच तुम्हाला अडवायला हवं होतं. मला अजून त्याचं वाईट वाटतं."

गिलिमने त्याच्या तोंडाकडे नीट पाहिलं. समोरच्याच्या डोळ्यांतून चाल ओळखणं ही त्याची हयातभराची विद्या. तिथे कुठेही लबाडी नव्हती. माणूस मनापासून बोलत होता. इतकी वर्षं गिलिमला एकच आधार होता, की दुसऱ्या कुणाला नसलं तरी आसाला खरं ठाऊक आहे. आता तोही गेला.

"मी त्याला बाहेर काढायला आलो होतो, आसा," तो हळू आवाजात म्हणाला. "तू म्हणालास, कप्तान मी आहे."

आसाने कीव आल्यासारखा त्याचा हात थोपटला. "असू द्या, कोच. इतक्या वर्षांनी माणूस काय काय मनाशी धरून बसतो."

मार्गेडने दार उघडून धरलं. "ऊठ," ती म्हणाली. "या घरात तुला माफ करायला कुणी बोलावलं नव्हतं."

मोटार गेल्यावर गिलिमने दार लावून घेतलं. मग त्याने विचारलं, "मार्गेड, मी त्याला खरंच बाहेर काढायला गेलो होतो ना?"

"हो," ती म्हणाली. ती त्या दिवशी मैदानावर नव्हती. तिने दुसऱ्यांदाही तितक्याच ठामपणे हो म्हटलं.

चार वर्षांनी छातीच्या दुखण्याने गिलिम गेला. राखेच्या मैदानावरच्या पोरांनी त्याला खांदा दिला. हार्लोच्या गावातल्या वर्तमानपत्राने आतल्या पानावर दोन ओळी छापल्या: ज्यांच्या कारकिर्दीत लू ब्रॅटन या खेळाडूचा मृत्यू झाला होता, ते माजी कोच प्रॉसर वारले. खाली किमेल यांची प्रतिक्रिया होती, की माणूस मनाने वाईट नव्हता.