संशोधन : निरंक

फॉर्म आठ पानांचा होता आणि सर्जेराव ओव्हाळ सरांना त्यातल्या सात पानांवर लिहिण्यासारखं काही सापडत नव्हतं.

कॉलेजला पन्नास वर्षं झाली म्हणून निवृत्त प्राध्यापकांचा परिचय-ग्रंथ निघणार होता. 'कारकीर्द आणि विद्वत्ता' असं भारदस्त नाव. आंतरराष्ट्रीय जर्नलमधले शोधनिबंध किती, परदेशातल्या परिषदा किती, पेटंट किती. आता बीडच्या विधी महाविद्यालयातल्या मास्तराला पेटंट विचारणाऱ्याच्या अकलेची कीव करावी, की त्याला घरी बोलावून दोन शब्द सुनवावेत? सरांनी यातलं काहीच केलं नाही. नाव, जन्मगाव, नोकरीची वर्षं एवढं सुवाच्य अक्षरात लिहिलं आणि 'संशोधन' हा रकाना कोरा सोडला. त्यांच्या कामाला बसेल असा खणच त्या फॉर्मात नव्हता.

सर मूळचे चौसाळ्याचे. वडील दुसऱ्याच्या शेतात सालगडी. छप्पन्न साली घरानं बौद्ध धम्म घेतला, त्याच्या आधीच्या वर्षी सरांचा जन्म. औरंगाबादला कायदा शिकून आलेला घराण्यातला हा पहिला माणूस. काळा कोट घालून कोर्टात उभा राहिला असता तर बीडमध्ये तीन मजली बंगला झाला असता, असं सगळे म्हणत. पण सरांना शिकवायचं होतं, आणि एकतीस वर्षं त्यांनी पुराव्याचा कायदा शिकवला.

त्यांचा पहिला तास अख्ख्या जिल्ह्याच्या वकिलांना पाठ आहे. वर्गात येऊन एखाद्या पोराचं नवं कोरं पुस्तक मागून घ्यायचे, आपल्या पिशवीत टाकायचे आणि शिकवायला लागायचे. तास संपत आला की पोरगं पुस्तक मागायचं. "तुझं कशावरून?" सर विचारायचे. "मला दिलंस याची पोच कुठंय?" वर्ग हसायचा आणि पोरगं लाल व्हायचं. मग सर पुस्तक परत देऊन सांगायचे, "हातातनं कागद सोडताना पोच घ्यायची. बापाला दिला तरी घ्यायची."

आणि हाच माणूस आयुष्यात एकदा, फक्त एकदा, पोच न घेता परतला.

शहाऐंशी ते नव्वद या चार वर्षांत दर रविवारी सर पाच-सहा पोरं घेऊन एसटीनं निघायचे. सरांच्या पत्नी मालनबाई पहाटे उठून सगळ्यांच्या भाकरी बांधून द्यायच्या. गावोगावच्या गायरानात भूमिहीन माणसं दगड वेचून पेरा करत होती, पण कागदावर त्यांचं नाव नव्हतं. सर एकेका गावाची वही करायचे. कोण कसतो, कधीपासून, बांध कुठला, शेजारी कोण, पीक काय. शेवटी सगळ्यांसमोर वही मोठ्यानं वाचायची, मग कसणाऱ्याचा अंगठा आणि सरपंचाची सही. अशा एकेचाळीस वह्या झाल्या. पीएच.डी.साठी त्या मार्गदर्शकापुढे ठेवल्या, तर त्या विद्वानांनी दोन पानं चाळली आणि म्हणाले, "ओव्हाळ, हे तलाठ्याचं काम आहे. यात संशोधन कुठाय?" सरांनी वह्या उचलल्या, पीएच.डी.चा नाद तिथंच सोडला आणि वह्या घरी आणल्या. पुढं सरकारनं एप्रिल नव्वदच्या आधीची अशी अतिक्रमणं नियमित करायचं ठरवलं, तेव्हा याच वह्यांच्या आधारानं सात गावांतल्या माणसांना जमिनी मिळाल्या. त्या विद्वानांचा कुठला शोधनिबंध सात गावांच्या पोटाला कामी आला, ते कुणी आम्हाला दाखवून द्यावं.

निवृत्तीच्या दिवशी सरांनी त्या वह्या कॉलेजच्या ग्रंथालयाला दिल्या. शाल आली, नारळ आला, टाळ्या झाल्या. त्या गडबडीत आपल्याच कॉलेजकडं पोच मागायची त्यांना लाज वाटली.

फॉर्म देऊन पंधरा दिवस झाले असतील. सकाळीच दारात एक बाई उभी राहिली. पन्नाशी ओलांडलेली, हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत घडी घातलेला कागद.

"जय भीम, सर. वळखलं न्हाई का? मी भिवराबाई. नांदूरघाटाच्या अंगाला आमची वस्ती हाय. तुमी आलतात की पोरं घिऊन. मी नवी नवरी व्हते तवा."

सरांनी नोटीस वाचली. वस्तीचं गायरान सौरऊर्जेच्या प्रकल्पाला द्यायचं ठरलं होतं. एप्रिल नव्वदच्या आधीपासूनचा ताबा सुनावणीत सिद्ध करा, नाहीतर जमीन सोडा. तारीख दीड महिन्यावर होती.

"आमचा अर्ज तवाच दिलता, कचेरीत कुठं गेला काय म्हाईत," भिवराबाई म्हणाल्या. "मालक वारले. चार एकर हाय, त्याच्यावरच पोरांची शिक्षणं झाली. दुसरा कागुद न्हाई आमच्याकडं. तुमची वही हाय ना, सर?"

"आहे. सतरा नंबरची," सर म्हणाले. त्यांना वहीचा रंगसुद्धा आठवत होता.

ते तसेच उठून कॉलेजात गेले. ग्रंथालयातल्या ज्या कपाटात त्यांनी स्वतः वह्या लावल्या होत्या, तिथं आता काचेमागं चषक आणि मानचिन्हं झगमगत होती. धर्मराज शिपाई जुना माणूस, त्यानं नजर चुकवली.

"सर, नॅकची कमिटी कॉलेज तपासाया येणार व्हती तवा साफसफाई झाली," तो हळूच म्हणाला. "जुनं-पानं सगळं रद्दीत घातलं. मी म्हनलो व्हतो, ह्या ओव्हाळ सरांच्या हायत. कोन ऐकतंय!"

सरांच्या कानातून वाफा निघाल्या. रागाचा पारा एवढा चढलेला त्यांनी स्वतःही कधी अनुभवला नव्हता. प्राचार्यांच्या केबिनमध्ये ते न विचारता शिरले. प्राचार्य म्हणजे अंगदराव, संस्थेचे अध्यक्ष सुंदरराव यांचे चिरंजीव आणि सरांचाच विद्यार्थी. पहिल्या तासाला ज्याचं पुस्तक सरांनी पिशवीत टाकलं होतं, अशांपैकी एक.

"माझ्या वह्या कुठं आहेत, अंगदराव?"

"या या, सर! बसा. चहा सांगतो." सगळं ऐकून घेतल्यावर अंगदराव खुर्चीत मागं रेलले. "सर, मनाला लावून घेऊ नका. आता सगळं डिजिटल झालंय. हस्तलिखितं ठेवायला जागा नाही."

"चार वर्षांचं काम होतं ते. माणसांचे अंगठे होते त्यात. विकण्याआधी मला एक फोन करता येत नव्हता?"

"तुमच्याच वह्या होत्या, असं रेकॉर्डवर असायला हवं ना, सर." अंगदराव हसले. त्या हसण्यात दुष्टपणा नव्हता, आणि तेच जास्त संतापजनक होतं. "दिल्याची पोच आहे का तुमच्याकडं? तुम्हीच शिकवलंय आम्हाला."

चहा आला होता. सरांनी कपाला हात लावला नाही. आपलाच धडा इतक्या सहज आपल्याच तोंडावर मारला जाईल, असं त्यांना एकतीस वर्षांत कधी वाटलं नव्हतं. ते बाहेर पडले आणि घरापर्यंत पायी आले.

मालनबाईंनी मात्र गप्प बसायचं व्रत घेतलेलं नव्हतं.

"कावून दिल्या त्यांना? मी तवाच म्हनले व्हते, घरात राहू द्या, माळ्यावर जागा हाय. जगाला पोच घ्या म्हनता अन् स्वतः शाल बघून भुलले!"

"चुकलं माझं."

"चुकलं तर चुकलं. ती बाई दारातनं आशेनं गेली हाय, तिचं काय करता ते सांगा. तुमाला कायदा येतो का न्हाई? का नुसता शिकवायलाच येत व्हता?"

हे शेवटचं वाक्य बरोबर जागी लागलं. सर रात्रभर कूस बदलत राहिले असतील, असं कुणाला वाटेल. तसं काही झालं नाही. त्यांनी तिथंच टेबलावर बसून माहितीच्या अधिकाराचा अर्ज लिहिला. अनुदानित कॉलेजला उत्तर द्यावंच लागतं. ग्रंथालयातून रद्दीत काढलेल्या सामानाच्या नोंदवहीतल्या त्या वर्षाच्या पानांची साक्षांकित प्रत मिळावी, एवढंच त्यांनी मागितलं. अर्ज हातोहात नेऊन दिला आणि धर्मराजनं कॉपीवर शिक्का मारून देईपर्यंत ते काउंटरवरून हलले नाहीत.

तिसाव्या दिवशी उत्तर आलं. कारकुनानं पान झेरॉक्स केलं होतं आणि अंगदरावांनी बहुतेक न वाचताच सही ठोकली होती. 'जुन्या वह्या, प्रा. ओव्हाळ, गायरान पाहणी, नग ४१. शेरा : निरुपयोगी. रद्दीत काढल्या.' सरांनी ते दोनदा वाचलं. 'निरुपयोगी' या शब्दावर त्यांचं बोट थांबलं. मग त्यांनी कागद जपून पिशवीत ठेवला, कारण त्यांना हवं ते सगळं त्यात होतं.

सुनावणीला तहसिलात वस्तीवरची माणसं दाटीवाटीनं उभी होती. सरांनी आधी एक विनंती केली. आपली साक्ष होईपर्यंत भिवराबाईंना बाहेर बसवावं, मागून कुणी म्हणायला नको की ऐकून बोलली. तहसीलदार बाई तरुण होत्या, त्यांनी मान हलवली.

सौर कंपनीचा वकील याच कॉलेजातून शिकलेला. त्यानं सरांना वाकून नमस्कार केला आणि मग बॅगेतून जाडजूड पुस्तक काढलं. परिचय-ग्रंथ नुकताच निघाला होता, सगळ्या माजी विद्यार्थ्यांना वाटला होता. ज्यांच्यावर तो काढला, त्यांच्या घरी तेवढा पोचला नव्हता.

"मॅडम, सरांबद्दल मला आदर आहे. पण चार एकर सरकारी जमिनीचा निकाल सरांच्या आठवणीवर लावायचा का? त्यांच्याच कॉलेजनं काय छापलंय पाहा. पान चौऱ्याण्णव. 'प्रा. सर्जेराव ओव्हाळ. संशोधन : निरंक.'"

कोऱ्या रकान्यात कुणीतरी बसून हा शब्द भरला होता. एकतीस वर्षांच्या कारकिर्दीची एका शब्दात बोळवण करून तो माणूस पुढच्या पानाकडं वळला असणार.

सर उभे राहिले. आवाज चढला होता आणि त्यांनी तो खाली आणला नाही.

"निरंक नाही. एकेचाळीस वह्या होत्या. त्या कुठं गेल्या ते या कागदावर आहे, प्राचार्यांच्या सहीनं." त्यांनी झेरॉक्स पुढं केली. "मूळ कागद ज्याच्या ताब्यात होता त्यानंच तो घालवला, हे सिद्ध झालं की दुय्यम पुरावा चालतो. आणि मूळ कागद डोळ्यांनी पाहिलेल्या माणसाचं तोंडी सांगणं हाही दुय्यम पुरावाच. वकीलसाहेब, तुम्हाला हे मीच शिकवलंय. मधे कायद्याचं नाव बदललं, कलमांचे आकडे बदलले, हे बदललेलं नाही. आता लिहून घ्या. ती वही मी केली, वाचली, माझ्यापुढं अंगठे झाले."

आणि सर सांगू लागले. वही नंबर सतरा, हिरवा पुठ्ठा, फेब्रुवारी एकोणनव्वद, रविवार. वस्तीवरची अकरा घरं. ओढ्याकडून पहिला तुकडा कुणाचा, त्याच्या बांधावर बाभळी किती, पलीकडं माती अडवायला दगडाची ताल कुणी रचली होती. कारकुनाचा हात लिहून लिहून दुखला. वकिलानं दोनदा मधे तोंड घातलं, दोन्हीदा तहसीलदार बाईंनी त्याला बसवलं.

"सातवा तुकडा भिवराबाईच्या घरचा," सर म्हणाले. "नवरा तापानं पडला होता, म्हणून अंगठा तिचा घेतला. डावा. त्याला चिंधी बांधलेली होती. ती सोडून तिनं ठसा दिला, पण बोट मधोमध कापलेलं, ठसा अर्धाच उमटला. मी वहीत तसा शेरा मारला होता."

भिवराबाईंना आत बोलावलं. काय चाललंय हे त्यांना कळत नव्हतं. तहसीलदार बाईंनी डावा हात पुढं करायला सांगितला. अंगठ्याच्या पेरावर आडवा, पांढरा वण होता.

"हे कधी झालं?"

"लगीन झालं त्या साली, बाई. जवारी काढताना इळा लागलता. त्याच येळंला हे सर आलते, अंगठा घ्यायला." भिवराबाईंनी वणावरून बोट फिरवलं. "शाई लई झोंबली व्हती. पन म्हनलं, दिऊन टाकावा. जमिनीचं काम हाय."

वकील पुस्तक बॅगेत घालायचं विसरला. तहसीलदार बाईंनी जबाब आणि वण दोन्हींची नोंद घेतली, जागेची मोजणी करायला सांगितलं, आणि अंतिम निकाल होईपर्यंत वस्तीला हात लावायचा नाही असा आदेश दिला.

माणसं उठली. सर उठले नाहीत. कारकून म्हणाला, "सर, झालं. नक्कल उद्या या, देतो."

"आज द्या," सर म्हणाले. "शिक्क्यासकट. मी बसलोय." संध्याकाळी पाचपर्यंत ते त्याच बाकावर बसले, आणि त्यांच्याबरोबर सगळी वस्ती बसली. नक्कल भिवराबाईंच्या हातात पडल्यावरच ते जागचे हलले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी परिचय-ग्रंथातलं चौऱ्याण्णवावं पान झेरॉक्स केलं, 'निरंक' हा शब्द लाल शाईनं खोडला आणि त्याच सुवाच्य अक्षरात वर लिहिलं : 'वह्या ४१. संस्थेनं रद्दीत काढल्या. सतरा नंबरची वही तहसिलात तोंडी दाखल. पुढच्या आवृत्तीत दुरुस्ती व्हावी.' पाकिटावर प्राचार्यांचा पत्ता घातला. ते टपालात टाकायला निघाले, तर मालनबाई दारात आडव्या आल्या.

"पोच?"

"घेणार आहे," सर म्हणाले.

पाचव्या दिवशी पोचपावती परत आली. तिच्यावर अंगदरावांची सही होती.