कणीक, चकती आणि बाबांचा डावा हात

बोरी अरबला आमच्या गल्लीतल्या मारुतीच्या देवळात दर शनिवारी संध्याकाळी भजन होतं आणि मृदंग बाबा वाजवतात. मागे बसणाऱ्यांना मृदंगाची डावी बाजू ऐकू येत नाही अशी तक्रार होती, म्हणून मी मृदंगाच्या लाकडी खोडावर, डाव्या पुडीच्या कातड्याला अगदी लागून, एक चकती चिकटवली. पितळी पत्र्यावर पांढऱ्या सिरॅमिकचा गोल. थाप पडली की तिच्यात वीज उठते आणि तारेवाटे भोंग्यात जाते. मी यवतमाळला कॉलेजात हेच शिकवते, त्यामुळे माझा तोरा काही विचारू नका.

थोडे दिवस डावी छान घुमली. मग भोंग्यातून नुसती टिकटिक यायला लागली.

"हात चालून राह्यला, पण आवाज कुठं जाते?" बाबा म्हणाले. "दादालेही असंच झालतं."

दादा म्हणजे त्यांचे मोठे भाऊ. त्यांची डावी बाजू लुळी पडली होती, आणि सुरुवात हातापासूनच झाली होती. त्या दिवसापासून बाबा पेपरच्या आड डावी मूठ उघडत-मिटत बसायचे. आम्हाला दिसत नाही असं त्यांना वाटायचं.

मी मृदंग आणि भोंगा घरी आणून दुपारी खोडावर बोटं आपटून पाहिली. दणदणीत आवाज. शनिवारी देवळात पुन्हा तेच रडगाणं. दारव्ह्याच्या डॉक्टरांना हातात काही सापडलं नाही, तरी त्यांनी गोळ्या दिल्याच. आई म्हणाली, "मले तं ऐकू येते बाप्पा. तुमचं काय चालू हाय, काही समजत नाही." आई बाबांच्या समोरच बसते, तिला भोंग्याची गरजच नाही, हे माझ्या डोक्यात आलं नाही. कोणाचं खरं धरावं? माझं डोकं चालेना.

शेवटी एका शनिवारी मी बाबांच्या शेजारी जाऊन बसले. भजनाआधी ते नेहमीप्रमाणे डाव्या पुडीवर ओली कणीक थापत होते. त्याशिवाय डावीला खर्ज येत नाही. पाण्याचं बोट फिरवून ते कणीक गुळगुळीत करत होते आणि पाणी कडेनं ओघळून थेट माझ्या चकतीवर जात होतं.

सिरॅमिकला बारीक भेगा पडतात. त्यांत ओल शिरली की उठलेली वीज तिथेच झिरपून जाते, आणि आधी जातो तो खर्ज. वाळली की चकती पुन्हा शहाण्यासारखी वागते, पण दर वेळी थोडी कमीच. पोरांना हे फळ्यावर शिकवणारी मी, आणि बाबांना दर शनिवारी ती कणीक मळून देणारीही मीच. मला हसू आलं आणि स्वतःचा रागही आला.

नवी चकती आणली. ओल लागू नये म्हणून तिच्यावर नेलपॉलिशचे दोन हात दिले आणि ती कणकेपासून दूर, खोडाच्या मधोमध चिकटवली. "मृदंगाले कायले नेलपॉलिश?" आईनं विचारलं. मी म्हटलं, लग्न आहे त्याचं.

पुढच्या शनिवारी मी सगळ्यात मागे, चपलांपाशी बसले. पहिलीच थाप पडली आणि देऊळ भरून गेलं. लोकांनी माना वळवल्या. मला रडू आलं.

मग लय चढली, आणि मला ते ऐकू आलं. मधूनच डावी किंचित उशिरा यायची, आणि तिच्यामागे एक बारीकशी दुसरी थाप, हात पुन्हा पडल्यासारखी. मी भोंग्यापाशी जाऊन तार हलवून पाहिली, बटणं फिरवली. चकती नवी होती, कोरडी होती. आधी हे होतं आणि ओल्या चकतीनं गिळलं होतं? की मीच आता भीतीच्या कानांनी ऐकत होते?

भजन संपल्यावर बाबा मागे आले.

"आली ना डावी?"

"आली, बाबा."

"मंग? माह्या हाताले काही नाही झालं ना?"

"नाही," मी म्हटलं.

त्यांनी तोच हात माझ्या खांद्यावर ठेवला. मी त्याचं वजन जोखत राहिले.