मुंजादादाचं हैदराबाद

फोन आला तेव्हा मी परभणीला कॉलेजच्या प्रयोगशाळेत होते. बाबा एवढंच म्हणाले, "गावाकडं ये. मुंजाला घेऊन यायलेत." मी विचारलं, "बरा हाय का?" तर ते म्हणाले, "ये तू." आमच्याकडे माणूस गेल्याचं फोनवर कुणी सांगत नाही, नुसतं बोलावतात. मला कळलं होतं. तरी मी परीक्षानळ्या धुतल्या, पुसून जागेवर ठेवल्या, सरांची परवानगी घेतली आणि मग स्टेशनकडे निघाले. असं का केलं ते आजही सांगता येत नाही. आमच्या गावाजवळच्या स्टेशनात, चुडाव्याला, गाडीतून उतरेपर्यंत मला रडू आलं नाही...

या गोष्टीला आता काही आठवडे झाले. मुंजादादा माझा चुलतभाऊ, तात्यांचा म्हणजे माझ्या मोठ्या काकांचा एकुलता मुलगा. बारावीनंतर तो तात्यांबरोबर मेंढरांमागे जायला लागला. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच, पण घरात आकाशाकडे बघणारा तो पहिला होता. मेंढरं बसली की तोही बाभळीखाली बसायचा आणि दुर्बीण कशी करतात याचे व्हिडिओ बघायचा. त्याला स्वतःच्या हातानं केलेल्या दुर्बिणीतून शनीची कडी बघायची होती. गावात हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि सगळ्यांना त्याचं हसू यायचं. "आरं मुंजा, शनी बघून काय करतूस? तुला आधीच लागलाय की त्यो!" पारावरची माणसं म्हणायची. तो पण हसायचा. मला मात्र त्या हसण्याचा राग यायचा, अजून येतो.

आमच्या गावचा माणूस हैदराबादला जातो तो दवाखान्यासाठी, कामासाठी, नाहीतर परीक्षेसाठी. नुसतं बघायला म्हणून कुणी जात नाही. दादानं मात्र गावात बसून स्वतःचं एक हैदराबाद जमवलं होतं. तिथल्या कोठी भागातली एक गल्ली, जिथं मोडक्या यंत्रांचे सुटे भाग ढिगानं विकायला असतात. रविवारी फुटपाथवर मांडली जाणारी जुनी पुस्तकं. टेकडीवरचं तारांगण आणि त्याच्याजवळचं शास्त्राच्या सामानाचं दुकान. फोनमधल्या नकाशावर या प्रत्येक जागेला त्यानं चांदणीची खूण करून ठेवली होती. त्याच्या त्या नकाशात चारमिनार नव्हता.

मग माझ्या प्रवेश परीक्षेचं केंद्र हैदराबादला आलं. बाबांना जमणार नव्हतं, म्हणून दादा सोबत निघाला. इतका खूश मी त्याला कधी पाहिला नव्हता. पण आमच्याकडे एक रीत आहे. शहरात चाललेल्या माणसाला काम सांगणं हा गावाचा हक्कच असतो, आणि नाही म्हणणारा माणूस आखडू ठरतो. आम्ही निघणार हे कळायचा अवकाश, कुणी मोत्यांचा सर सांगितला, कुणी कमरेचा पट्टा, कुणी लोकर कातरायची कातर. शेजारच्या काकूंना तिथल्या दवाखान्यातून रिपोर्ट आणून हवे होते. दादानं कुणालाच नाही म्हटलं नाही. "लोकांचं आधी उरकू, तायडे," तो मला म्हणाला. "मग आपलं निवांत बघू."

माझा पेपर सकाळीच झाला. उरलेला दिवस लोकांच्या कामात गेला. मधल्या वेळात कोठीच्या गल्लीत तेवढं जाता आलं. तिथे दादा भिंगं बघत असताना एका दुकानदारानं विचारलं, "क्या होना मियाँ? कॉलेज का प्रोजेक्ट है?"

"नहीं," दादा म्हणाला. "हमारे मेंढरं हैं."

"तो लेन्स लेके बकरियाँ गिनते क्या?"

"न्हाई वो चाचा. शनी देखना है."

दुकानदार हसला, पण ते हसणं पारावरचं नव्हतं. त्यानं खोकं उपडं केलं आणि दोघं त्यात डोकं घालून भिंगं निवडत बसले. डोळ्याला लावायचं भिंग मिळालं. दुर्बिणीच्या तळाशी बसवायचा मोठा आरसा मात्र त्याच्याकडे नव्हता, तो तारांगणाजवळच्या दुकानात मिळेल म्हणाला. आम्ही तिकडे निघणार तेवढ्यात काकूंचा फोन आला, "रिपोर्ट घेतले का रं? खिडकी बंद व्हतीया म्हणं संध्याकाळी." आम्ही आधी रिपोर्ट घेतले. टेकडीवर पोचलो तेव्हा शेवटचा खेळ सुरू झाला होता आणि दुकानाचं शटर खाली आलं होतं. दादा थोडा वेळ तारांगणाच्या घुमटाच्या भिंतीला हात लावून उभा राहिला. "पुढच्या येळी," तो म्हणाला. गावात मोत्यांचं, कातरीचं लय कौतुक झालं. तुम्ही काय बघितलं, असं कुणीही विचारलं नाही.

त्यानंतर त्यानं बोअरचा एक जाड पाईप मिळवला, कापून नीट केला आणि आतून काळा रंगवला. आत जरा जरी चमक राहिली तरी तारा पुसट दिसतो, म्हणून रंगावर रंग चढवत राहिला. आता फक्त आरसा हवा होता. मी म्हटलं, ऑनलाइन मागव की. त्याला ते पटेना. "मेंढरू बी आपुन दात बघून घेतो. अन् आरसा न बघता घेऊ? हातात धरल्याबिगर न्हाई घ्यायचा." तो पाईप गोठ्याच्या आढ्याला टांगून ठेवला. येणारे-जाणारे विचारायचे, "तोफ कवा उडवायची, मुंजा?"

मग त्याला ताप यायला लागला, नाकातून रक्त यायला लागलं. नांदेडच्या डॉक्टरांनी रक्ताचा आजार सांगितला आणि हैदराबादला न्यायला सांगितलं. डॉक्टरांशी बोलायला शिकलेलं कुणीतरी हवं म्हणून मीही गेले. स्टेशनवरून दवाखान्याकडे जाताना रिक्षा तलावाच्या कडेनं गेली. दादानं मान वर केली आणि म्हणाला, "तायडे, त्यो बघ घुमट."

दोन उपचारांच्या मध्ये त्याला जरा बरं वाटायचं. अशाच एका दिवशी डॉक्टर म्हणाले, तोंडाला मास्क लावा, गर्दीत नेऊ नका, पण थोडा वेळ बाहेर नेलं तरी चालेल. मी तात्यांना म्हटलं, सकाळच्या खेळाला गर्दी नसते, रिक्षानं जाऊन येऊ, आरसाही बघता येईल. तात्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी काहीतरी घाण बोलले. "आजारी लेकराला तमाशा दाखवायला आणलंय का हितं? उद्या काही झालं तर लोक काय म्हणतील? लेकरू मरणाला टेकलंय अन् ह्ये फिरायलेत?" मी पुन्हा बोलले, ते उठून बाहेर गेले. दादा म्हणाला, "ऱ्हाऊ दे. बरा झालो की जाऊ."

पण भेटायला येणाऱ्यांना ही बंदी नव्हती. ते यायचे, पाच मिनिटं कॉटजवळ उभे राहायचे, "काळजी करू नगंस" म्हणायचे आणि मग हळूच विचारायचे, "हितून चारमिनार किती लांब हाय?" रस्ते माहीत होते ते दादालाच. तो पडल्या पडल्या सांगायचा, ही बस धरा, तिथं उतरा, रिक्षावाल्याला असं म्हणा. माणसं हसत जायची आणि बिस्किटांचे पुडे, बांगड्या घेऊन परत यायची. त्यानं एवढ्या वर्षांत जमवलेलं शहर त्याच्याच सांगण्यावरून बाकीच्यांनी बघून घेतलं. फिरून आल्यावर ते त्याच्या उशाशी बसून चप्पल कशी चावली ते सांगायचे... मी पाणी आणायला म्हणून बाहेर जायचे.

एकदा आमचे एक पाहुणे बायकापोरांसह आले. दादानं त्यांना तारांगणाला जायला सांगितलं, फार आग्रह केला. "अन् शेजारच्या दुकानात आरसा हाय का तेवढं इचारा," असं दोनदा म्हणाला. ते संध्याकाळी परतले. दादा उठून बसला.

"कसं होतं वो मामा?"

"काय न्हाई रं, अंधारच असतोय आत. खुर्च्या लय मऊ. झोपच लागली मला."

"शनी दाखवला का?"

"दाखवला आसंल की."

"अन् आरसा?"

"आरारा... इसरलोच बघ."

दादा म्हणाला, "असू द्या." आणि कुशीवर वळला. त्यानंतर त्यानं कुणाला रस्ता सांगितला नाही. विचारलं तर म्हणायचा, "मला काय म्हाईत, मी कुठं बघितलंय."

तो गेला तेव्हा मी कॉलेजसाठी परभणीला परतले होते, ते सुरुवातीला लिहिलंच आहे. दहाव्याला पारावरची सगळी माणसं आली. ज्यांनी तोफ म्हणून हिणवलं होतं, तेच म्हणत होते, "लय हुशार पोरगं. शास्त्रज्ञ झाला असता." तारांगणात झोप लागलेले मामाही होते. ते म्हणाले, "त्याला आभाळाचा लय नाद होता, देवानं वरच बोलावून घेतलं." बायकांनी डोळे पुसले. त्या आभाळापर्यंत जायला एक रिक्षा पुरली असती, हे मला तेव्हा म्हणायचं होतं. धीर झाला नाही, म्हणून इथं लिहिते आहे.

मागच्या रविवारी गावी गेले तर गोठ्याच्या आढ्याला पाईप नव्हता. तो मधोमध उभा चिरला होता आणि दोन्ही भाग जमिनीवर मेंढरांना पाणी पाजायला मांडले होते. मला वाईट वाटलं, पण रागावू कुणावर? तात्या एका भागापाशी उकिडवे बसून आतून वाळूनं घासत होते. पाणी काळं दिसतं म्हणून मेंढरं तोंड लावत नाहीत, असं म्हणाले. रोज सकाळी घासतात, तरी रंग निघत नाही. मी जवळ बसले. ते माझ्याकडे न बघता म्हणाले,

"लेकरानं लय पक्का दिलाय गं."

आणि पुन्हा मूठभर वाळू घेऊन घासायला लागले.