घोड्याचं ग्रीक

घोड्याच्या चंदीसारखा भिजवलेल्या हरभऱ्याचा वास आला की चिंचवड स्टेशनाजवळच्या कौलारू चर्चमधली ती दुपार डोळ्यांपुढे तरंगायला लागते. पिंपरीकडे तेव्हा कारखान्यांच्या भिंती नुकत्या उठत होत्या. आमच्या मंडळीतला म्हातारा टांगेवाला वारला होता आणि माती झाल्यापासून त्याच्या बायकोच्या डोळ्यांतून टिपूस गळला नव्हता. तिचं मन मोकळं व्हावं म्हणून पाळकांनी मला उपदेशाला उभं केलं. मी धर्मशास्त्राच्या कॉलेजात नुकतंच ग्रीक चाखलेला दीडशहाणा. म्हणालो, “मित्राच्या कबरेपाशी प्रभू व्याकूळ झाले, तिथं मूळ क्रियापद आहे एम्ब्रिमाओमाय. त्याचा जुना अर्थ घोड्यानं फुरफुरणं, मग रागावणं. इथं मरणावरच म्हणा.” तिथं थांबलो असतो तर शोभलं असतं, पण मी नाकपुड्या फुगवून फुरफुरून दाखवलं. माणसं खाली बघायला लागली, पाळकांनी डोळे मिटले. खिडकीतल्या उन्हात धूळ हळूहळू तरंगत राहिली, आणि बाहेर चिंचेखाली बांधलेला म्हाताऱ्याच्या टांग्याचा घोडा हुबेहूब तसाच फुरफुरला. म्हातारी उठली. “त्याला सकाळपासनं कुणी पाणी दावलं न्हाई,” एवढंच म्हणत बाहेर गेली आणि तिनं त्याच्या मानेला मिठी घालून हंबरडा फोडला. आम्ही आत ऐकत बसलो. परतल्यावर पदरानं डोळे पुसत मला म्हणाली, “तुजं बोलणं काय कळलं न्हाई बाबा, पर घोडा झ्याक काढलास.” अजूनही उपदेशाला उभा राहिलो की आधी दार उघडं आहे ना, तेवढं बघून घेतो.