अल्कोहोल ओतलं आणि रीडिंग चढत गेलं

आधीच सांगून टाकते – गावात कुणाच्या अंगात आलं की मी तिथून उठून जाणारी. केमिस्ट्रीत एम.एस्सी. केलेली बाई, असल्या गोष्टी मला कधी पटल्याच नाहीत. आजही पटत नाहीत. पण हे मात्र वाचा, आणि तुम्हीच सांगा...

मोबाईल सगळ्यांच्या हाती आले नव्हते तेव्हाची गोष्ट. रोह्याला एमआयडीसीतल्या एका केमिकल कंपनीच्या लॅबमध्ये मी होते. आमचं गाव पेण तालुक्यात, अगदी खाडीकाठी. बाबांचं मिठागर.

आणि गंमत म्हणजे लॅबमध्येही माझ्या वाट्याला मीठच! पाण्यात मीठ विरघळवायचं, त्यात थोडं थोडं अल्कोहोल घालायचं आणि त्यातून वीज किती वाहते ते मीटरवर बघायचं. पाण्याचे रेणू मिठाच्या आयनांना गराडा घालतात, एकमेकांपासून दूर ठेवतात, म्हणून आयन मोकळे हिंडतात. अल्कोहोलला तेवढं जमत नाही. ते वाढलं की हिंडणं मंदावतं, प्लस-मायनस पुन्हा जोड्या जमवायला लागतात, आणि रीडिंग उतरतं. नेहमीच उतरतं.

त्या दुपारी ते चढलं.

मला वाटलं माझीच चूक. आणखी अल्कोहोल घातलं – आणखी चढलं! आमचे सीनियर म्हात्रे सर धावत आले. त्यांनी मीटर तपासला, इलेक्ट्रोड धुऊन पुन्हा बुडवला. रीडिंग चढतंच होतं. आमच्या दोघांच्याही अंगावर काटा... पण भीतीचा नाही हो, आनंदाचा! काहीतरी नवं सापडलं असं वाटत होतं. आणि मला एकदम वाटायला लागलं की हे बाबांना सांगायचं. संध्याकाळी घरी जाऊन नाही – आत्ता. ऑफिसच्या फोनवरून घरी बोलायची परवानगी नसायची, पण सर इतके खुशीत होते की त्यांनी स्वतःच फोन पुढे सरकवला.

फोन गावातल्या दुकानात होता. दुकानदारकाकांनी बाबांना बोलावणं धाडलं. बाबा मिठागरातल्या खोपटात दुपारचे आडवे झाले होते, ते उठून आले. मी भडाभडा सांगत सुटले. त्यांना कळत काही नव्हतं, नुसतं ‘व्हय, व्हय’ चाललं होतं. तेवढ्यात पलीकडे आरडाओरडा ऐकू आला.

बाबा म्हणाले, “थांब गो... बांध गेला.”

फोन कट.

कशी घरी पोचले आठवत नाही. पौर्णिमेचं उधाण होतं, खाडीचा बांध फुटून खांड पडली होती, आणि पडली ती नेमकी खोपटासमोर. खोपट होतं तिथे गढूळ पाणी फिरत होतं. बाबा दुकानाच्या पायरीवर चहा पीत बसले होते. मी त्यांना धरून रडले की हसले, कोण जाणे. बहुतेक दोन्ही.

पुढे सरांनी ते द्रावण आटवलं. मी घातलेल्यापेक्षा जास्त मीठ निघालं! त्याच कॅनमधलं पाणी, त्याच बाटलीतलं अल्कोहोल वापरून दुसऱ्या फ्लास्कमध्ये केलं तर सगळं ठीक. सर म्हणाले, भांडं नीट धुतलं नसेल. असेलही. पण मग सुरुवातीलाच रीडिंग जास्त दिसायला हवं होतं ना? ते तर अगदी बरोबर होतं! तो प्रयोग मी कितीदा तरी पुन्हा केला. दरवेळी रीडिंग मुकाट खाली.

मागे एकदा बाबांनी जेवताना विचारलं की त्या दिवशी तुला तेव्हाच फोन का करावासा वाटला. मी उत्साहाने आयन, पाणी, अल्कोहोल, सगळं समजावून सांगितलं. ताटातला भात निवला तरी त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

मग म्हणाले, “म्हंजे तुला पन नाय माहीत.”