बहिणीच्या नावावरची बांधी

आठवणी सांगायला बसलो की या घटनेला मी वळसा घालून पुढे जायचो. बरीच वर्षं तसंच केलं. आता वय झालं, सांगून टाकतो.

गडचिरोली जिल्ह्यातल्या एका ठाण्यात मी ठाणेदार होतो. पंचायत समितीवर निवडून आलेल्या एका बाईंविरुद्ध तक्रार आली. माहेरच्या धानाच्या बांधीवर, म्हणजे भातखाचरावर, सातबाऱ्यात भावासोबत त्यांचंही नाव होतं. निवडणुकीच्या प्रतिज्ञापत्रात ती जमीन नव्हती. गुन्हा दाखल झाला.

"जमीन का लपवली?" मी बाईंना विचारलं.

"लपवाचं काय हाये साहेब? बाप गेला तवाच भावाले सोडली. माझी म्हणून लिवली असती, तर गाव म्हणलं असतं, बाई निवडून आली अन् भावाचं वावर मांगून राह्यली."

इकडे बहिणी हिस्सा असाच तोंडी सोडतात. दिवाळीला भाऊ न्यायला येतो, परतताना नव्या तांदळाचं गाठोडं देतो. तलाठ्याकडे कोणी जात नाही. हे मला ठाऊक होतं. पण कागदावर नाव अजून आहे हे बाईंना माहीत होतं, एवढं सिद्ध झालं की माझं काम होणार होतं.

भावाला बोलावलं. गावातल्या मानी माणसाच्या इभ्रतीला हात घातला की तो बोलतो.

"काय रे, बहिणीला अंधारात ठेवून हिस्सा लाटला?"

तो ताठ झाला. "मी चोर नाई साहेब. तिचं नाव हाये, तिले मालूम हाये. मीच दाखवला सातबारा."

जबाबावर सही करताना त्यानं विचारलं, "आता सुटंल ना बाई?"

मी जबाब फायलीत लावला; बाईंविरुद्ध मला हवा होता तो पुरावा तोच होता. बाईंना राजीनामा द्यावा लागला. कोर्टात त्या सुटल्या, पण फार उशिरा.

त्याच तालुक्यातल्या एका पुढाऱ्याची राइस मिल ड्रायव्हरच्या नावावर होती. त्याचं प्रतिज्ञापत्र चोख. मग कायदाच चुकीचा म्हणावा का? मतं मागणाऱ्यानं मालमत्ता सांगायलाच हवी. पण अशा चुकीला दंड पुरे, की आरोपीच करायचं? आणि सूट दिली, तर मिलवाला आणखी मोकाट. माझा अजून गोंधळ आहे. भावाला विचारलेला तो प्रश्न मात्र कोणत्याही कायद्यानं मला विचारायला सांगितला नव्हता.

निवृत्तीनंतर एका दिवाळीत बाईंच्या घरी गेलो. त्यांनी ओळखलं, चहा ठेवला. भाऊ त्या जबाबापासून न्यायला आलाच नाही, शरमतो, म्हणाल्या.

"तुमी काऊन आले भाऊ, इतक्या दूर?"

मी चहा संपवला.

"असंच. वडशाला चाललो होतो."