शिपाई नसलेलं दार

नवऱ्याला देशाने आधी कैदी म्हटलं, मग साहेब म्हटलं आणि म्हातारपणी आबा म्हटलं. बायकोला देशाने काहीच म्हटलं नाही. जुन्या गल्लीत ती टेलरबाई होती आणि मनातून ती टेलरबाईच राहिली. वर्तमानपत्रांतल्या फोटोंत ती कायम कडेला असते, बहुतेक वेळा अर्धी कापलेली. या फोटोवाल्यांना बेतता येत नाही, असं ती म्हणायची, आणि ते खरंच होतं.

नवऱ्याला सरकारविरुद्ध पत्रकं छापल्याबद्दल पकडून नेलं तेव्हा लेक नुकती बसायला लागली होती. त्याच आठवड्यात टेलरबाईने एक जुनं पायमशीन घरात आणलं आणि जवळच्या शाळेचे गणवेश शिवायला घेतले. गणवेश म्हणजे कंटाळवाणं काम. तोच रंग, तीच कॉलर, तीच काजं. पण पोरं वर्षात वीतभर वाढतात हे ओळखून ती पँटची दुमड रुंद ठेवायची आणि शिलाईच्या आत जादा कापड सोडायची. आया दुसरीकडे जायचं नाव काढत नसत. हातावर पोट होतं, पण हात चांगला होता.

भेटी फार थोड्या मिळत. मधे जाळी, जाळीशेजारी पहारेकरी, आणि त्याची नजर घड्याळावर. अशा ठिकाणी नवरा-बायको काय बोलणार? घरी परत येताना टेलरबाईला नेमकं तेच आठवायचं जे बोलायचं राहून गेलं होतं. ते ती मनात बाजूला ठेवून द्यायची. तो सुटेल, घरी येईल, समोर बसेल, मग जाळीशिवाय सगळं सांगू. दुसरं काही तिला नको होतं. एवढ्या एका गोष्टीवर बाईने लेक लहानाची मोठी केली.

तो सुटला. घरीही आला, पण अख्खं शहर मागे घेऊन आला. दोन खोल्यांच्या घरात माणसं स्वयंपाकाच्या ओट्यावर चढून बसली होती. दार लोटायची सोयच उरली नव्हती. गर्दीतून तिच्यापर्यंत पोचून तो म्हणाला, "उद्या बोलू." उद्या सभा होती. परवा दुसऱ्या गावी सभा. मग निवडणूक आली, आणि टेलरबाईचा नवरा देशाचा प्रमुख झाला.

कारभार त्याने चांगला केला, हे शत्रूही कबूल करतात. ज्यांनी त्याला कोंडलं होतं त्यांनाच त्याने टेबलापलीकडे बसवलं आणि सूड न घेता कामाला लावलं. लोक थक्क झाले. टेलरबाईलाही अभिमान वाटायचा. पण अभिमान काही शेजारी येऊन बसत नाही.

सरकारी बंगल्यात प्रत्येक दाराशी एक शिपाई होता. साहेब आले की दार उघडायचं, साहेब गेले की लोटायचं. तिच्या खोलीच्या दारालाही एक शिपाई नेमला होता, त्याला तिने पहिल्याच दिवशी परत पाठवलं. "मला हातपाय आहेत," ती म्हणाली. खोली बोळाच्या टोकाला होती. तिथे तिने आपलं मशीन मांडलं, आणि देशाच्या प्रमुखाची बायको पूर्वीसारखे गणवेश शिवू लागली. नाही तर दिवसभर करणार काय? नवऱ्याचा दिवस पहाटे सुरू होई, म्हणून तो कचेरीलगतच्या खोलीत झोपे. जेवायला बसावं तर टेबलावर कायम पाहुणे.

एकदा चिटणीस आला, अदबीने उभा राहिला. "बाई, रागावू नका. मशीनचा आवाज बैठकीत ऐकू येतो. दार लोटून घेतलंत तर बरं होईल."

"घेते की. तिकडे तुम्ही भांडणं मिटवताय, मधे माझी खडखड कशाला?"

तेव्हापासून ते दार बंद राहू लागलं. त्या दारातून नवरा कधी आत आला नाही. पहिल्या वर्षी तिने कामाला दोष दिला. पुढे कधी मशीन थांबवून ती बोळातल्या चाहुलीकडे कान देई. पावलं येत, दाराशी थांबत आणि परत जात. पहाऱ्यावरचा असेल, असं म्हणून ती पुन्हा पायडलवर पाय ठेवी. हळूहळू तिने मनाशी पक्कं केलं की याला आता आपली गरज उरलेली नाही. तुरुंगात गेला तो आपला माणूस होता, बाहेर आला तो साहेब.

लोकही तेच म्हणत. साहेबांचा रुबाब बघा, दाराच्या मुठीला हात लावत नाहीत! दार उघडेपर्यंत हात मागे बांधून उभे राहतात, राजासारखे. टेलरबाईने ते अनेकदा पाहिलं होतं आणि तिला ते मुळीच आवडत नसे.

मुदत संपल्यावर त्याने खुर्ची आपणहून सोडली. मग तो आबा झाला. शेजारच्या देशांची जुनी भांडणं त्याच्या दिवाणखान्यात येऊ लागली. जे सैन्याला जमलं नाही ते आबा चहाच्या कपावर मिटवतात, असं लोक म्हणत. "दिव्याखाली अंधार," टेलरबाई लेकीला फोनवर म्हणायची. "जगाशी बोलतात, माझ्याशी बोलायला यांना तोंड नाही." आता घर लहान होतं, आणि बंगल्यातला एकच शिपाई सोबत आला होता. तोही थकला, निरोप घेऊन आपल्या मुलाकडे गेला. त्याच्या जागी कोणी आलं नाही.

त्यानंतर आबा जेवायला उशिरा येऊ लागले. हाक मारली तरी खोलीतून हलत नसत. मोलकरीण केर काढायला जाई तेव्हा बाहेर पडत. आता रुसवा धरायचाच काय तो राहिला होता, असं टेलरबाईला वाटलं. एके दिवशी तिचा धीर संपला. जुन्या गल्लीत एक खोली रिकामी होती. तिने कपडे भरले, मशीनवर झाकण घातलं आणि नवऱ्याला सांगायला निघाली की मी जाते, एकटीच राहायचं तर तिथे बरी राहीन. तिने आपल्या खोलीचं दार ओढलं.

दारात नवरा उभा होता. पायात सपाता, हात मागे.

"अगं बाई! इथे काय करताय?"

"काही नाही."

"काही नाही काय? हाक मारायची, दार वाजवायचं!"

तो खाली बघू लागला. "आतून वाजवलं की मारायचे," तो म्हणाला.

"अहो, तुम्ही आत कुठे आहात? बाहेर उभे आहात."

"मला कळतं ते. हाताला कळत नाही."

टेलरबाईने चौकट धरली. स्वतःच्या खोलीतून तो का निघत नव्हता, ते आता तिला कळलं. मग आणखी एक गोष्ट ध्यानात आली, आणि ती विचारायचीही तिला भीती वाटली. "बंगल्यात असताना... तिथेही येत होतात?"

"बैठक लवकर संपली की यायचो. मशीन ऐकत उभा राहायचो. थांबलं की वाटायचं, आता उघडशील."

"एखाद्या शिपायाला सांगायचं होतं!"

"काय सांगू? बायकोच्या खोलीचं दार उघड म्हणून?"

तिला रडू येण्याआधी राग आला. त्याला पकडून नेणाऱ्यांचाही तिला इतका राग कधी आला नव्हता. एवढी वर्षं! मशीन थांबवून ती आत कान देऊन बसलेली, आणि हा बाहेर. मधे कडीसुद्धा नव्हती.

"थांबा," ती म्हणाली. "मी आत जाते. दार लोटते. तुम्ही उघडा." तिने दार लावलं आणि तशीच उभी राहिली. बाहेर त्याचा श्वास ऐकू येत होता. लाकडावरून हात सरकल्याचा आवाज आला, मुठीपर्यंत आला आणि थांबला. ती मनातल्या मनात त्याला रेटत होती. बऱ्याच वेळाने तो म्हणाला, "नाही जमत गं."

तिने दार उघडलं. जुन्या गल्लीतल्या खोलीचा विषय तिने काढला नाही. दुसऱ्या दिवशी सुताराला बोलावलं. त्याने बिजागऱ्या सोडवल्या, दार भिंतीला टेकवलं आणि विचारलं, "नवं कधी बसवायचं?"

"बसवायचं नाही. आता त्यांच्या खोलीचंही काढ."

"मग पडदा तरी लावा, बाई."

"लागला तर मी शिवेन."

दुपारी नवरा आला. रिकाम्या चौकटीशी क्षणभर अडखळला, मग आत शिरला. गणवेशांचा ढीग बाजूला करून त्याने खुर्चीवर जागा केली आणि समोर बसला. टेलरबाईने मशीन थांबवलं. ज्याची तिने जन्मभर वाट पाहिली ते समोर होतं. पण मनात बाजूला ठेवलेलं निम्मं ती विसरली होती. उरलेलं ज्या लेकीबद्दल होतं, तिचे केस पांढरे व्हायला लागले होते. समोरचा म्हातारा तिला परका वाटला, आणि त्यालाही ती तशीच वाटत असणार.

शेवटी तोच बोलला. "भेटीला आलीस की म्हणायचीस, घरी सगळं बरं आहे."

"हो."

"होतं का बरं?"

खोटं बोलायची सवय जुनी होती. 'हो' अगदी ओठांवर आलं.

"नव्हतं," ती म्हणाली. "तुम्हाला नेलं ना, तेव्हा शेगडीवर दूध होतं. ते सगळं उतू गेलं."